पहिला सांघिक सामना आणि पहिली चाल सी४: क्लबमध्ये नव्याने खेळणाऱ्यांसाठी

बुद्धिबळ क्लबच्या संघात नाव लागलं, तिसरा किंवा चौथा पट मिळाला आणि सामना दोन आठवड्यांवर आला, की बहुतेक नवे खेळाडू वीस-वीस चालींच्या ओळी पाठ करायला बसतात. प्रतिस्पर्धी सहाव्या चालीलाच पाठांतराबाहेरचं काहीतरी खेळतो. मग हात थांबतो आणि घड्याळ पळत राहतं. या लेखात मी दुसरी वाट सुचवतो आहे. पहिल्या सामन्यासाठी फ्लँक ओपनिंग, म्हणजे बगलेतून डावाची सुरुवात, घ्या, त्यातही १. सी४, म्हणजे इंग्लिश ओपनिंग. यात लक्षात ठेवायचं थोडं आणि समजून घ्यायचं जास्त असतं. सांघिक सामन्यात डोकं शांत राहायला याचा फार उपयोग होतो.

लेखात मोहऱ्यांसाठी रा, व, ह, उं, घो अशी आद्याक्षरं वापरली आहेत. घराच्या नावात आधी उभ्या पट्टीचं अक्षर (पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच) आणि मग आडव्या रांगेचा आकडा येतो. नुसतं घराचं नाव दिलं असेल तर ती प्याद्याची चाल. आकड्यानंतर तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल. मारण्यासाठी × आणि राजाच्या बाजूच्या किल्लेकोटासाठी ०-० ही खूण आहे. पट मांडून, चाली हाताने करत वाचा. नुसतं वाचून यातलं अर्धंही हाती लागणार नाही.

सामन्याची रचना आधी समजून घ्या

सांघिक सामन्यात प्रत्येक खेळाडूचा डाव स्वतंत्र असतो आणि गुण एकत्र मोजले जातात. चार पटांचा सामना असेल तर साधारणपणे सर्वांत बलवान खेळाडू पहिल्या पटावर आणि बाकीचे त्याखालोखाल बसतात. हा क्रम आधी द्यावा लागतो आणि मनाला येईल तसा बदलता येत नाही. रंग आलटून-पालटून येतात. एका संघाला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मिळाली, तर दुसऱ्या आणि चौथ्या पटावर काळी. म्हणून पट कळला की कर्णधाराला लगेच विचारा, ‘माझा रंग कोणता?’ तयारीचे निम्मे श्रम तिथेच वाचतात.

गुण दोन प्रकारे मोजतात. डाव जिंकला की एक, बरोबरीला अर्धा, हे पटाचे गुण. चार पटांत अडीच किंवा जास्त गुण झाले की संघ सामना जिंकतो. सामना जिंकण्याचे सहसा दोन आणि बरोबरीचा एक, हे सामन्याचे गुण. देशांच्या संघांच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्येही २००८ पासून क्रमवारीसाठी आधी सामन्याचे गुणच पाहतात. याचा अर्थ, तुमच्या अर्ध्या गुणाने कधी सगळा सामना फिरतो, तर कधी संघाला काहीच फरक पडत नाही. आपला अर्धा गुण यांपैकी कोणता, हे डाव संपत आल्यावरच कळतं. तोपर्यंत त्याचा विचार मनात येऊ देऊ नका.

सी४ म्हणजे नेमकं काय

फ्लँक म्हणजे बगल. १. ई४ किंवा १. डी४ खेळणारा पहिल्याच चालीला मधल्या घरात प्यादं उभं करतो. फ्लँक ओपनिंग खेळणारा बगलेतून सुरुवात करतो: १. सी४, १. घो एफ३, १. बी३, १. एफ४. सी४वरचं प्यादं डी५ या घरावर नजर ठेवतं आणि जी२वर येणारा उंट लांबच्या कर्णावरून त्याच घरावर मारा करतो. म्हणजे मध्य सोडलेला नसतो. त्यात आपलं प्यादं कधी घालायचं, एवढाच निर्णय पुढे ढकललेला असतो. हा फरक पक्का समजला तर निम्मी ओपनिंग आली. तो न समजता खेळलेल्या फ्लँक ओपनिंगा बहुतेक वेळा वाईट संपतात. त्याचं प्रसिद्ध उदाहरण पुढे येईलच.

इंग्लिश हे नाव इंग्लंडच्या हॉवर्ड स्टाँटनमुळे पडलं. १८४३मध्ये पॅरिसला फ्रान्सच्या सेंट-अमांविरुद्धच्या सामन्यात त्याने ही चाल वापरली. बगलेतून मध्यावर दाब टाकण्याच्या कल्पनेला खरं वजन आलं ते १९२४मध्ये. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटीने १. घो एफ३ने सुरुवात करून जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. त्याआधी आठ वर्षं कापाब्लांका एकही डाव हरला नव्हता.

पायरी पहिली: एक मांडणी, चार उत्तरं

तुमची मूळ मांडणी अशी: सी४, घो सी३, जी३, उं जी२, मग घो एफ३, ०-० आणि डी३. क्रम परिस्थितीप्रमाणे बदलतो. काळा मुख्यतः चार तऱ्हेने उत्तर देतो. प्रत्येकाला तुमच्याकडे एक योजना हवी, एकच.

१... ई५. क्लबपातळीवर हे उत्तर सर्रास मिळतं. इथे २. घो सी३ आधी खेळा. २. घो एफ३ केलंत तर काळा ई४ ढकलून घोड्याला हुसकावू शकतो. ते वाईट नाही, पण नवख्याला ती धावपळ नको. पुढे काळा घो सी६, जी६, उं जी७, डी६ अशी बंद मांडणी करत असेल, तर उं जी२, डी३ आणि मग ह बी१. उद्देश बी४-बी५ ढकलून सी६वरचा घोडा हलवायचा आणि जी२च्या उंटाचा कर्ण मोकळा करायचा. काळ्याने ए५ने अडवलं तर आधी ए३, नंतर बी४. घाई नाही. हीच योजना दहा डाव खेळलात तरी शिळी होणार नाही.

१... सी५. दोघांची मांडणी आरशासारखी होते. २. घो सी३ घो सी६ ३. जी३ जी६ ४. उं जी२ उं जी७ ५. घो एफ३ घो एफ६ ६. ०-० ०-० आणि आता ७. डी४. ज्याला चाल आधी मिळाली त्यानेच समतोल आधी मोडायचा. ७... सी×डी४ ८. घो×डी४ घो×डी४ ९. व×डी४ डी६ यानंतर तुमचा वजीर जी७च्या उंटासमोर आहे आणि मध्ये फक्त एफ६चा घोडा आहे. तो घोडा हलला की वजिरावर हल्ला उघडतो. म्हणून १०. व डी३ करून बाजूला व्हा. ही चाल विसरून वजीर गमावलेले डाव मी क्लबमध्ये पाहिले आहेत.

१... ई६, आणि पुढे डी५. इथे २. जी३ डी५ ३. उं जी२. काळ्याने ३... डी×सी४ मारलं तर घाबरू नका. ४. व ए४ असा शह द्या आणि पुढच्या चालीला सी४चं प्यादं परत घ्या. पण काळ्याने आधी सी६ खेळून डी५ केलं असेल, तर हा शह उरत नाही, कारण ए४पासून ई८पर्यंतचा कर्ण सी६च्या प्याद्याने बंद केलेला असतो. अशा वेळी काळ्याला मारायची संधी न देता सी×डी५ने अदलाबदल करा आणि मोकळे व्हा.

१... घो एफ६. प्रतिस्पर्धी अजून काही सांगत नाही. तुम्ही जी३, उं जी२ करत राहा. तो वरच्या तिन्हींपैकी एका वाटेवर येतो किंवा जी६, उं जी७, डी६ अशी किंग्ज इंडियन मांडणी करतो. त्या वेळी ई४, डी३ आणि घो ई२ अशी भक्कम रचना चालते. जगज्जेत्या बोट्विनिकच्या नावाने ती ओळखली जाते. तिची किंमत म्हणजे डी४चं घर. तिथे तुमचं प्यादं पुन्हा कधी पहारा देऊ शकत नाही, म्हणून काळ्याचा घोडा तिथे स्थिरावणार नाही याची काळजी घ्या.

वाट बदलून ओळखीच्या वेगळ्याच ओपनिंगमध्ये शिरणं, हे सी४चं सामर्थ्य आहे आणि धोकाही. १९७२च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात सहाव्या डावात फिशरने स्पास्कीविरुद्ध सी४ने सुरुवात केली आणि चौथ्या चालीपर्यंत पटावर क्वीन्स गॅम्बिट, म्हणजे एरवी १. डी४ने सुरू होणारी ओपनिंग, उभा होता. फिशरची त्याला पूर्ण तयारी होती. तुमची नसेल तर डी४ ढकलण्याआधी दोन क्षण थांबा आणि विचारा, आता जे येईल ते मला खेळता येतं का?

पायरी दुसरी: एक डाव चालीमागून चाल

आता सर्वांत महत्त्वाची वाट नीट पाहू. १. सी४ ई५ २. घो सी३ घो एफ६ ३. जी३ डी५ ४. सी×डी५ घो×डी५ ५. उं जी२. सिसिलियन (१. ई४ सी५) ओपनिंगमध्ये काळा जी ड्रॅगन नावाची मांडणी करतो, तीच रंग उलटे करून, एक जादा चाल हातात घेऊन तुम्ही खेळत आहात.

इथे थांबून डी५वरचा घोडा पाहा. सी३चा घोडा आणि जी२चा उंट, दोघांचा त्यावर मारा आहे. त्याला आधार मात्र फक्त वजिराचा. काळ्याने सवयीने ५... घो सी६ खेळलं, तर ६. घो×डी५ व×डी५ ७. उं×डी५, आणि डाव तिथेच संपल्यात जमा. खालच्या पटांवर ही चूक खरोखर होते. म्हणून पाचव्या चालीनंतर प्रतिस्पर्ध्याने पटकन चाल केली तर तुम्ही पटकन करू नका. आधी डी५कडे बघा.

काळ्याने ५... घो×सी३ मारलं तर ६. बी×सी३. प्यादी थोडी विस्कटलेली दिसतात, पण बी पट्टी तुमच्या हत्तीला मिळाली, जी२चा उंट बी७वर रोखला गेला आणि सी३चं प्यादं पुढे डी४ला आधार देणार आहे. ही अदलाबदल तुमच्याच फायद्याची.

चांगला खेळाडू ५... घो बी६ खेळेल. मग ६. घो एफ३ घो सी६ ७. ०-० उं ई७ ८. ए३ ०-० ९. बी४. आता बगलेच्या प्याद्यांचं काम दिसू लागतं. पुढे बी५ झालं की सी६चा घोडा हलतो. ई५च्या प्याद्याला त्याचाच आधार आहे. म्हणजे बी पट्टीतली चाल खरं तर मध्यातल्या प्याद्यावर नेम धरून आहे. म्हणून काळा ९... उं ई६ १०. ह बी१ एफ६ असा ई५ला पक्का आधार देतो. एफ६ झालं की त्याच्या राजासमोरचा कर्ण थोडा उघडा पडतो. हेही मनात नोंदवून ठेवा.

११. डी३ व डी७ १२. घो ई४. घोडा सी५कडे निघाला आहे. तो सी५वर पोचला आणि काळ्याने उंटाने मारला, तर बी×सी५ने बी पट्टी उघडते आणि बी१चा हत्ती बी७वर बघू लागतो. वर बी६च्या काळ्या घोड्याला सी५चं प्यादं हुसकावतं ते वेगळंच. दहाव्या चालीला हत्ती बी१वर का ठेवला, ते आता कळलं. एफ३चा घोडा डी२वर गेला की जी२चा उंटही सी६वर आणि त्यामागच्या बी७वर रोखला जातो. हत्ती, उंट आणि प्यादं, तिघांचा रोख एकाच बाजूला.

इथून पुढच्या चाली मी देत नाही, कारण पुढे तुमचा डाव सुरू होतो. पण तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, काळा घो डी४ कधी खेळतो. घोडा तिथे आला तर मारायचा की उंट बी२ने त्याच्यावर दाब टाकायचा, याचा विचार आधीच झालेला हवा. दुसरी, ए५. तुमच्या बी४ला धक्का देण्यासाठी तो येणारच. बी५ने पुढे जायचं की ए५वर मारायचं, याचं सरसकट उत्तर नाही. मारल्यावर ए३चं प्यादं एकटं पडतं का, तेवढं पाहा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: मध्यात डी४ किंवा ई३-डी४ करता येण्याची वेळ. मोहरी पुरेशी आली, काळ्याच्या मोहऱ्या तुमच्या वजिराच्या बाजूला अडकल्या, की मध्य फोडायचा. बगलेतला सगळा खटाटोप या एका चालीसाठी असतो.

पायरी तिसरी: आपल्या राजाकडे बघा

नवखा खेळाडू वजिराच्या बाजूला रमतो आणि काळा एफ५-एफ४ ढकलत राजावर येतो. त्याचा ठरलेला मार्ग म्हणजे वजीर डी७वर, उंट एच३वर आणि जी२च्या उंटाची अदलाबदल. तो उंट गेला की तुमच्या राजाभोवतीची पांढरी घरं उघडी पडतात. उपाय साधा आहे. हत्ती आधीच एफ१वरून ई१ला न्या. मग काळ्याचा उंट एच३वर आला की तुमचा उंट एच१वर जाऊन वाचतो. हत्ती एफ१वरच असेल तर उंट मागे नेता येत नाही, कारण मग हत्तीच मारला जातो.

राजासमोरची एफ, जी, एच प्यादी गरज नसताना हलवू नका. हे सांगायला मी नेहमी एकच डाव दाखवतो.

१९७०मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. दहा पट, चार फेऱ्या. पहिल्या पटावर जगज्जेता बोरिस स्पास्की आणि त्याच्यासमोर डेन्मार्कचा बेंट लार्सन. दुसऱ्या फेरीत लार्सनकडे पांढरी होती आणि त्याने आपली आवडती १. बी३ खेळली. १... ई५ २. उं बी२ घो सी६ ३. सी४ घो एफ६ ४. घो एफ३ ई४. घोडा हुसकावला गेला. ५. घो डी४ उं सी५ ६. घो×सी६ डी×सी६. तीन चाली करून पांढऱ्याचा तो घोडा पटावरून गेला आणि मधल्या काळात काळ्याच्या मोहऱ्यांना वाटा मोकळ्या झाल्या. ७. ई३ उं एफ५ ८. व सी२ व ई७ ९. उं ई२ आणि काळ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. १०. एफ४ घो जी४. आता वजिराचा एच४वरचा शह टाळायला ११. जी३ करावं लागलं, आणि एच५-एच४ची वाट उघडली. ११... एच५ १२. एच३ एच४ १३. एच×जी४ एच×जी३ १४. ह जी१ ह एच१. स्पास्कीने हत्ती उघडा टाकला. १५. ह×एच१ जी२ १६. ह एफ१ व एच४ शह १७. रा डी१ जी×एफ१, प्याद्याचा वजीर आणि पुन्हा शह. लार्सनने डाव सोडला. सतरा चाली.

शेवटच्या स्थितीत पांढऱ्याचा बी१चा घोडा आणि ए१चा हत्ती पहिल्या चालीपासून जागचे हललेले नाहीत. हा डाव पाहून ‘बी३ वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. मध्य घ्यायला उशीर करता येतो, पण मोहरी बाहेर काढायला आणि राजा सुरक्षित करायला नाही. म्हणून आपल्या मांडणीत जी३, उं जी२, ०-० इतक्या लवकर आहे.

त्या सामन्यातली दुसरी गोष्टही सांगतो, कारण संघात खेळणाऱ्याने ती विसरू नये. सोव्हिएत संघ तो सामना साडेवीस विरुद्ध साडेएकोणीस असा जिंकला. फरक एका गुणाचा. पण लार्सन त्या सतरा चालींनंतर खचला नाही. पुढच्या फेरीत त्याने स्पास्कीला हरवलं आणि शेवटच्या फेरीत स्पास्कीच्या जागी आलेल्या लिओनिद श्टाइनलाही हरवलं. चार डावांत अडीच गुण. एक फेरी हरलात तर पुढच्या फेरीत संघाला तुमची तितकीच गरज असते.

पायरी चौथी: घड्याळ, नोंद आणि हात

अनेक लीगमध्ये नव्वद मिनिटं आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढ अशी वेळ असते. तुमच्या स्पर्धेत काय आहे ते आधी विचारून घ्या. पहिल्या दहा चालींवर पंधरा-वीस मिनिटांहून जास्त खर्च करू नका. मांडणी ओळखीची आहे, तिथे वाचवलेला वेळ बाराव्या चालीपासून लागतो, योजना ठरवायच्या क्षणी.

चाल आधी करा, मग लिहा. आधी लिहून ठेवणं नियमात बसत नाही. तीस सेकंदांची वाढ असेल तर शेवटपर्यंत नोंद ठेवावी लागते. वाढ नसेल आणि पाच मिनिटांहून कमी उरली असतील, तेव्हा नोंद थांबवता येते. मोहऱ्याला हात लावला की तोच हलवायचा. मोहरं नुसतं सरळ करायचं असेल तर आपली चाल असताना, हात लावण्याआधी तसं बोला. किल्लेकोट करताना राजाला आधी हात लावा. हत्तीला आधी लावलात तर पंच हत्तीचीच चाल करायला लावू शकतात. फोन खेळाच्या जागी नकोच. नियमबाह्य चाल झाली तर पहिल्यांदा प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात आणि दुसऱ्यांदा डाव जातो.

पायरी पाचवी: गुणफलक आणि बरोबरी

एकट्याने स्पर्धा खेळणाऱ्याला हे शिकवलं जात नाही, म्हणून इथे सविस्तर.

प्रतिस्पर्ध्याची चाल असताना उठून सहकाऱ्यांचे पट बघून या. ते चालतं. पण बोलू नका, चेहऱ्यानेही काही सुचवू नका. आपला डाव संपला की आपण प्रेक्षक, हेही लक्षात ठेवा. प्रेक्षकाने चालू डावाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो, मग तो डाव आपल्याच संघातल्या मित्राचा का असेना.

फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, सांघिक नियमांत कर्णधाराला मोजकं बोलायची मुभा आहे. बरोबरी देऊ कर, बरोबरी स्वीकार किंवा डाव सोड, एवढंच तो सांगू शकतो. पटावर काय चाललं आहे यावर तो काही बोलू शकत नाही आणि तुम्हीही त्याला ‘माझी स्थिती कशी वाटते?’ असं विचारायचं नाही. तुमच्या लीगचे नियम याहून कडक असू शकतात, ते सामन्याआधी वाचा.

बरोबरी देऊ करायची असेल तर आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. समोरून प्रस्ताव आला तर उत्तर द्यायची घाई नसते. घड्याळ तुमचंच चालू आहे, विचार करा. गरज वाटली तर पंचांच्या उपस्थितीत कर्णधाराला विचारा.

आता हिशेब. तुमचा डाव शेवटचा उरला आणि संघ दोन विरुद्ध एक असा पुढे असेल, तर बरोबरीनेही सामना जिंकला. दीड विरुद्ध दीड असेल तर तुमच्या बरोबरीने सामना बरोबरीत. एक विरुद्ध दोन असे मागे असाल तर बरोबरी घेऊन सामना गेला, जिंकलात तरच तो बरोबरीत सुटतो. हे गणित सोपं आहे. अवघड आहे ते हे गणित चुकीच्या वेळी करणं टाळणं. विसाव्या चालीला, बाकीचे तिन्ही डाव चालू असताना, शेजारच्या पटावर आपला माणूस प्यादं मागे आहे म्हणून तुम्ही आपला चांगला डाव जुगारासारखा खेळायला लागलात, तर संघाचे दोन डाव बिघडतात. आधी आपल्या पटावरची खरी स्थिती ठरवा. गुणफलक शेवटी.

जिंकायचंच आहे अशी वेळ आली तरी तुफान उठवायची गरज नसते. १९८७मध्ये सेव्हिलला जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चोविसावा, शेवटचा डाव कास्पारोव्हला जिंकावाच लागणार होता, नाहीतर मुकुट गेला असता. त्याने कारपोव्हविरुद्ध पहिली चाल केली ती सी४. मोहऱ्यांची अदलाबदल टाळत, दाब वाढवत, घड्याळाचं ओझं समोरच्यावर टाकत त्याने चौसष्ट चालींत डाव जिंकला. सामना १२–१२ झाला आणि जगज्जेतेपद त्याच्याकडेच राहिलं. संघाला गुण हवाच असेल तेव्हा मोहरी पटावर ठेवा, स्थिती गुंतागुंतीची राहू द्या आणि प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक चालीला निर्णय घ्यायला लावा.

काळी मोहरी आली तर

थोडक्यात सांगतो. समोरून फ्लँक ओपनिंग आली तर मध्यात जागा मिळते आहे, ती घ्या. १. बी३ला ई५, १. घो एफ३ला डी५, १. सी४ला ई५. मोहरी लवकर बाहेर काढा, किल्लेकोट करा आणि मिळालेली प्यादी पुढे ढकलत बसण्याऐवजी त्यांना आधार द्या. जी२चा उंट तुमच्या बी७वर बघतो आहे, एवढं सतत डोक्यात असू द्या.

डाव संपल्यावर

हस्तांदोलन करा, निकाल लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि आवाज न करता हॉलबाहेर जा. प्रतिस्पर्धी तयार असेल तर त्याच्यासोबत डाव पुन्हा मांडा. तो कशाला घाबरत होता, हे कॉम्प्युटर कधी सांगणार नाही, तो सांगेल. घरी आल्यावर इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) लावण्याआधी नोंदीवर दोन खुणा करा: आपली योजना आपण कोणत्या चालीला सोडली आणि मध्य कोणी, कोणत्या चालीला फोडला. पाच-सहा सामन्यांच्या नोंदी जमल्या की या खुणा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. दुसरी खूण बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याच्या चालीवर पडत असेल, तर पुढच्या सरावात सातव्या चालीपासून डी४ची तयारी सुरू करा.